मी क्लास चालवत नाही

मी क्लास चालवत नाही. हे मी सोसायटीला लेखी दिलेलं आहे, तीन प्रतींत, पोच घेऊन. फी घेत नाही, बोर्ड लावलेला नाही, आणि चपला बाहेर काढायला सांगतो ते कुंदाने नुकतीच फरशी पुसलेली असते म्हणून. याला जर क्लास म्हणायचं, तर आमच्या मुलुंडच्या बागेत रोज संध्याकाळी बाकावर बसून देश चालवणारे पाच म्हातारे म्हणजे मंत्रिमंडळच झालं. पण हे आमच्या 'शुभांगण' सोसायटीच्या सेक्रेटरीला, म्हणजे हर्षद नार्वेकरला, कोण सांगणार? मी सांगितलं. आणि पुन्हा सांगायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

सगळं सुरू झालं जुलैत, मिहिरमुळे. मिहिर माझा नातू, दुसरीत आहे. मुलगा आणि सून शीतल, दोघंही पवईला नोकरीला. त्यामुळे शाळेतून आणणं आणि खायला घालणं हे खातं कुंदाकडे आणि अभ्यासाचं खातं माझ्याकडे. रोज तो इंग्रजीचं पुस्तक उघडून घडाघडा वाचायचा आणि मी डोळे मिटून अभिमानाने ऐकायचो. एक दिवस कुंदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, पुस्तक उलटं आहे."

"उलटं म्हणजे?"

"उलटं म्हणजे उलटं. ते माकड खाली डोकं वर पाय करून बसलंय बघा."

मी पाहिलं. माकडाचं जाऊ द्या, पानसुद्धा भलतंच होतं. चिरंजीव चौथा धडा उघडून सातवा धडा वाचत होते आणि त्यात एक चूक नव्हती. अख्खं पुस्तक पाठ! मी कोऱ्या कागदावर इंग्रजीत 'पिन' एवढा एकच शब्द लिहून दिला. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "याचं चित्र कुठाय?"

आठवड्याभरात शाळेतूनही बोलावणं आलं. शीतलला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेलो. बाई फारच गोड बोलल्या, आणि शाळेतल्या बाई गोड बोलायला लागल्या की समजावं, वाट लागली. त्या म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर त्याच्याच भल्यासाठी त्याला पुन्हा पहिलीत बसवू. मिहिर दाराबाहेर उभा होता. रिक्षात बसल्यावर त्याने विचारलं, "आजोबा, छोट्या मुलांबरोबर बसायचं म्हणजे मी ढ आहे ना?"

मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षं काढली. देवनारपासून भांडुपपर्यंतच्या व्यापाऱ्यांचे काटे जप्त केले, एकाने तर अंगावर दोन किलोचं वजन फेकलं, तेव्हाही माझी वाचा गेली नव्हती. त्या रिक्षात गेली. आणि मग असा काही राग आला, शाळेचा, पुस्तकाचा, त्या माकडाचा आणि डोळे मिटून ऐकणाऱ्या माझा स्वतःचा, की मी तिथल्या तिथे ठरवलं. दिवाळीच्या आत पोराला वाचायला शिकवीन, नाही शिकवलं तर मधुकर रेगे नाव सांगणार नाही.

आता, आमच्या सोसायटीत पाणी कमी येईल, लिफ्ट बंद पडेल, पण सल्ल्याचा तुटवडा कधी पडत नाही. समोरच्या मृणालिनीबाई एकतीस वर्षं शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "पाठांतर, रेगे. प्रत्येक शब्द शंभरदा लिहून घ्या, झक मारत येतो." मी म्हटलं, अहो, पाठांतर हाच तर रोग आहे त्याला! तळमजल्यावरच्या प्रेमावहिनी मूळच्या कुडाळच्या. त्या वेखंडाचा तुकडाच घेऊन आल्या. "जिभेक चोळा, पोरगो पोपटासारखो वाचतलो." हर्षदने लिफ्टमध्ये एक ॲप सुचवलं. त्यात शब्द चुकला की बदक रडायचं, आणि मिहिरला ते रडणारं बदक इतकं आवडलं की तो मुद्दाम चुकायला लागला. कुंदाने भिजवलेले बदाम सुरू केले. पंधरा दिवसांत पोराचं वजन दोनशे ग्रॅम वाढलं. हे मी अंदाजे सांगत नाही, खात्यातला माणूस आहे.

शेवटी शीतलने मोबाइलवर शोधून काढलं की चेंबूरला 'फोनिक्स'चा कोर्स आहे, तीन शनिवार, पालकांसाठी. तिला स्वतःला वेळ नव्हता. मी नाव घातलं. बावीस तरुण आया आणि मी. खुर्च्या बालवाडीच्या. मी एकदा बसलो की दोघींनी धरून उठवावं लागायचं. शिकवणारी तेजल, माझ्या मुलीच्या वयाची, पण आवाज इन्स्पेक्टरचा.

मात्र ती जे सांगत होती ते मला एकदम पटलं. अक्षराचं नाव विसरा, त्याचा आवाज शिका. एकेक आवाज सुटा ओळखायचा, मग एकापुढे एक ठेवून जोडायचा, की शब्द तयार. चित्र बघायचं नाही, घोकायचं नाही, अंदाज तर अजिबात करायचा नाही. अहो, हे तर वजनमापच झालं! काट्यावर एकेक माप ठेवायचं आणि जे भरेल तेच बोलायचं. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?

अडलं ते माझ्या जिभेवर. तेजल म्हणाली, "काका, स चा आवाज काढा." मी म्हटलं, "सअ."

"सअ नाही. नुसतं स्स्स्. मागचा अ काढा."

"सअ."

"काका, शेपूट कापा त्याचं!"

आता सांगा, जन्मापासून आपल्या प्रत्येक अक्षरात तो अ फुकट मिळालेला, तो सत्तराव्या वर्षी कसा काढून टाकायचा? मी 'पिन' जोडायला जायचो आणि 'पअ-इ-नअ' असं काहीतरी व्हायचं, म्हणजे घशात काटा अडकल्यासारखं. बाकीच्या आयांचंही सुरुवातीला तेच झालं, त्याही मराठी घरांतल्याच. पण त्या अर्ध्या तासात सुधारल्या. मी सुधारेना. मग मी सराव सुरू केला. न्हाणीघरात केला, तर मला लकव्याचा झटका आला असं समजून कुंदाने दारावर थाप मारून विचारलं, "तोंड वाकडं होतंय का हो? हात वर करून दाखवा!" बँकेच्या रांगेत मनातल्या मनात करत होतो, तो 'स्स्स्' जरा बाहेर पडला. पुढच्या बाई वळल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "निदान वयाचा तरी विचार करा!" त्या बँकेतलं खातं मी अजून बंद केलेलं नाही. मी कशाला करू? पण पासबुक भरायला आता कुंदा जाते.

तिसऱ्या शनिवारी माझं शेपूट कापलं गेलं. म्हणजे स चं. ट ला थोडं राहिलं होतं, पण तेजलने मोठ्या मनाने सर्टिफिकेट दिलं.

घरी येऊन मिहिरला समोर बसवलं, तर साहेब तयार नाहीत. "मी एकट्यानेच का? मी ढ आहे म्हणून?" मग मी प्रेमावहिनींची नात श्रुतिका हिला बोलावलं. ती पहिलीत, पण जन्मजात हेडमिस्ट्रेस. दुसऱ्याच दिवशी ती मला म्हणाली, "आजोबा, तुम्ही ट ला अ लावलात." मिहिर हसला. त्या हसण्यावर काम सुरू झालं. आजोबांचं चुकतं म्हटल्यावर आपलंही चुकलं तर चालतं, हे त्याला कळलं असावं. मग श्रुतिकाची मैत्रीण आली, मैत्रिणीचा भाऊ आला, आणि ऑगस्ट अखेर माझ्या हॉलमध्ये अकरा मुलं झाली. आईबापांना माझ्या पद्धतीचं कौतुक होतं असला गैरसमज मी करून घेत नाही. संध्याकाळी सहा ते सात पोरं घराबाहेर, तेही फुकट, यालाच मुंबईत शिक्षणाची आवड म्हणतात. 'म'च्या दिवशी अकरा पोरांनी तोंडं मिटून 'म्म्म्' लावला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ प्राणायाम समजून चटई घेऊन वर आले. त्यांना तसंच बसू दिलं. पाच मिनिटांत ते झोपले.

आणि मिहिर? मिहिर जोडायला लागला. पिन. टिन. नॅप. स्पिन. एकेक शब्दाला घाम फुटायचा त्याला, पण बोट अक्षरावरून हलायचं नाही. एक दिवस आम्ही लिफ्टने वर जात होतो, सोबत हर्षद, तोंडात गुटखा. मिहिर भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवून म्हणाला, "नो. स्-प्-इ-ट्. स्पिट्. टिंग. नो स्पिटिंग!" आणि आनंदाने हर्षदकडे बघत राहिला. पोराच्या मनात काही नव्हतं हो. हर्षदला मात्र बोलता येईना, कारण तोंड भरलेलं, आणि थुंकताही येईना, कारण पाटी. चौथ्या मजल्यापर्यंत त्याने ते गिळलं. मी हसलो, हे मी नाकारत नाही.

तिसऱ्या दिवशी नोटीस. निवासी सदनिकेत विनापरवानगी क्लास, लिफ्टचा अतिवापर, जिन्यात पादत्राणे, विचित्र आवाज. आणि शेवटी, 'मागील वार्षिक सर्वसाधारण सभेतील ठराव क्रमांक नऊनुसार इमारतीत कोणतेही वर्ग घेण्यास सक्त मनाई आहे.'

मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. "हर्षद, सरळ सांग, त्या पाटीवरून राग आलाय ना तुला?"

"छे हो काका! मला पर्सनली काय नाय. पण ठराव म्हणजे ठराव. येत्या एजीएमपर्यंत बंद करा, नाहीतर मला रजिस्ट्रारकडे लिहावं लागेल."

"ठराव दाखव."

"त्यासाठी अर्ज करा ना."

अर्जाचा नमुना ऑफिसच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली घेऊन हर्षद दुसऱ्या दिवशी गणपतीला गावी, कुडाळला गेला, तो अकरा दिवस. मी उपनिबंधक कार्यालयात गेलो. तिथला क्लार्क म्हणाला, प्रत सेक्रेटरीकडून घ्या. मी म्हटलं, सेक्रेटरी कुडाळला आहे. तो म्हणाला, मग तो आला की घ्या. मी पंखा बघत बसलो. चौतीस वर्षं मीही लोकांना असंच सांगितलं होतं, त्यामुळे त्याला काही बोलायला तोंड नव्हतं.

पण पोरांना मी थांबवलं नाही. दिवाळी काही हर्षदच्या किल्लीसाठी थांबणार नव्हती. फ्लॅटमध्ये नको ना? ठीक. पार्किंगमध्ये माझ्या हक्काच्या जागेत बसवलं. कमिटीने कळवलं, पार्किंग फक्त वाहनांसाठी. मी माझी जुनी स्कूटर मधोमध उभी केली आणि मुलांना तिच्याभोवती बसवलं. मग वॉचमनला पार्किंगचा दिवा लावायची मनाई झाली. आम्ही गेटच्या दिव्याखाली सरकलो. मृणालिनीबाई येता जाता म्हणायच्या, "रेगे, या वयात हट्ट बरा नव्हे." मी म्हणायचो, "बाई, हट्टाला दुसरं वय माझ्याकडे शिल्लक नाही."

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी एजीएम आली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वड्यांची खोकी मुद्दाम सगळ्यांना दिसतील अशी पुढे ठेवलेली. नाहीतर गणसंख्या भरत नाही. वेफर्सच्या आशेने पोरंही आली होती. मुलगा आणि शीतल होते, कुंदा होती. हर्षदने माइक घेतला. "विषय पहिला, मागच्या सभेचं इतिवृत्त. वाचलं असं धरून कायम करू या. हात वर?"

दरवर्षीप्रमाणे साठ हात वर गेले. मी उभा राहिलो.

"वाचलेलं नाही. वाचा."

"काका, अकरा पानं आहेत. तीही इंग्रजीत. वडे गार होतील."

"गार होऊ देत! ठराव नऊ कुठे आहे, काय आहे, मला ऐकायचंय. नियम आहे, वाचून कायम करायचं. वाच."

एकच गलका झाला. बस रे, सोडा हो, दरवर्षी यांचं काहीतरी असतं. वास्तविक मी बारा वर्षांत पहिल्यांदाच उभा राहिलो होतो. हर्षदने वैतागून फाइल माझ्यापुढे आपटली. "घ्या, तुम्हीच वाचा." मी खिसा चाचपला. चष्मा घरी राहिला होता. साठ माणसं हसली. आणि त्या हशात माझ्या कोपराशी आवाज आला, "आजोबा, मी वाचू?"

खरं सांगतो, मी घाबरलो. पिन-टिन वाचणारं पोर. शाळेच्या बाईंसमोर अडखळणं वेगळं, इथे अख्खी सोसायटी होती. इथे फजिती झाली तर हा जन्मात पुस्तक उघडणार नाही, आणि त्याला 'ढ आहे ना?' या प्रश्नाचं उत्तर साठ माणसांकडून एकदम मिळेल. मी नको म्हणणार, तेवढ्यात कुंदाने मला चिमटा काढला. चांगला जोरात. "वाचू दे त्याला," ती म्हणाली.

मिहिर खुर्चीवर चढला. बोट ठेवलं. "द... मी... मीट... टिंग... वॉज..." पहिलं पान संपायला सात मिनिटं लागली. लोक मोबाइल बघायला लागले. शीतल पदराशी, म्हणजे ओढणीशी चाळा करत होती. मोठे शब्द आले की तो थांबायचा, आवाज सुटे करायचा, पुन्हा जोडायचा. अर्थ त्याला अर्धाही कळत नव्हता. पण एक अक्षर सोडत नव्हता.

"द... लिफ्ट... इन... सी... विंग..."

"ए विंग असेल रे," मागून कुणीतरी म्हणालं. "आपल्याकडे ए आणि बी दोनच आहेत."

मिहिरने पुन्हा पाहिलं. "नाही. सी आहे." आणि पुढे गेला. "द... स्विम... मिंग... प्-ऊ-ल्... पूल..."

पार्किंगमध्ये हशा पिकला. हर्षद म्हणाला, "काका, अंदाजे ठोकतोय तो. बस झालं आता."

"अंदाजे?" मी इतक्या जोरात ओरडलो की वॉचमन धावत आला. "अंदाजे वाचायला त्याला शिकवलेलंच नाही! तिथे जे आहे तेच तो वाचणार. तुमच्यापैकी एकाने तरी कधी वाचलंय का?"

मृणालिनीबाई तरातरा उठल्या, चष्मा सावरत मिहिरच्या बोटाखाली वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ झाल्या आणि हळूच म्हणाल्या, "पूल आहे."

साठ माथी हर्षदकडे वळली. त्याने मान खाजवली. "काय करू यार? टायपिंग कोण करणार? पवईला मेव्हणा सेक्रेटरी आहे, त्याच्या सोसायटीचं घ्यायचो आणि नावं तेवढी बदलायचो. तीन वर्षं झाली. तो नववा ठराव तिथल्या पूलजवळच्या झुंबा क्लासचा. कुणी वाचतच नाय ना!"

म्हणजे ठराव नऊ आमचा नव्हताच. तो पवईच्या झुंबावाल्यांचा होता! मी छाती पुढे काढली. आता यांना सुनवायचंच असं ठरवून घसा खाकरला. पण मिहिर थांबला नव्हता. त्याचं बोट ठराव नऊच्या खालच्या ओळीवर गेलं होतं.

"प्रो... पोज्ड... बाय... मॅ... मधु... कर... आजोबा! हे तुझं नाव आहे!"

मग आठवलं. गेल्या वर्षी सगळ्या ठरावांना मिळून सूचक कोण, असं विचारल्यावर पहिला हात मीच वर केला होता. सहीसुद्धा ठोकली होती, कारण वड्याचा वास सुटला होता. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. सगळ्यांत मोठ्याने कुंदा हसत होती. मी खाली बसलो. न वाचणाऱ्यांत मीही होतो, आणि चांगला सूचक म्हणून होतो.

"चला, मग ठराव नऊ रद्द," हर्षद घाईने म्हणाला. "काकांचा क्लास चालू. मिहिर, शाब्बास, दे बाळा फाइल. वडा घे." खुर्च्या सरकल्या, लोक खोक्यांकडे निघाले.

मिहिरने फाइल छातीशी धरली. "थांबा ना! अजून आठ पानं आहेत."

"अरे, झालं रे राजा, कळलं आम्हाला सगळं," शीतल म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"पण मला नाही कळलं अजून," मिहिर म्हणाला. "मला वाचायचंय."

शाळेला काय ठरवायचं ते ठरवू दे. मी माझ्या नातवाकडे पाहिलं. अडीच महिने मी त्याला बसवत होतो, आज तो उठायला तयार नव्हता. बोलल्या त्या प्रेमावहिनी, पहिल्या रांगेतून, हातातला वडा परत खोक्यात ठेवून.

"बसा रे सगळे खाली! पोरगो वाचताहा, दिसना नाय?"

साठ माणसं बसली. हर्षदही बसला. मिहिरने पान उलटलं.